खालच्या वेशीतली बस

इर्मट्राउट हाफ्नर बावीस वर्षं आमच्या वेर्निंगनमध्ये पाहुण्यांना गाव दाखवायची. वय एकसष्ट, बांधा ठेंगणा आणि आवाज असा की तटाच्या एका बुरुजावरून बोलली तर दुसऱ्यावर ऐकू जावं. त्या सप्टेंबरच्या शनिवारी तिनं जे केलं त्यावर गावात अजून दोन तट आहेत. माझं औषधांचं दुकान खालच्या वेशीच्या आतल्या अंगाला आहे. निम्मं मी दारात उभा राहून पाहिलं, उरलेलं तिनंच नंतर माझ्या काउंटरला टेकून सांगितलं.

मोठ्या बसना तटाच्या आत बंदी आहे. त्यांनी नदीकाठच्या कुरणात थांबायचं आणि माणसांनी चढ चढून पायी यायचं. वेशीच्या मधोमध एक लोखंडी खुंट आहे. बाजूच्या पेटीत किल्ली फिरवली की तो जमिनीत जातो. ज्यांना चालवत नाही अशांची छोटी गाडी आत घेता यावी म्हणून गाव दाखवणाऱ्यांकडेही एक किल्ली असायची. ती इर्मट्राउटच्या गळ्यात.

हा खुंट ओटमार रीडेलनं बसवून घेतला होता. ओटमार जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेला, इर्मट्राउटच्या शाळेतल्या वर्गातला. बस आत आल्या की वेशीचे दगड हलतात, असं तो सहा वर्षं वर्तमानपत्राला पत्रं लिहून सांगत होता. नगरसभेत विषय आला तेव्हा इर्मट्राउट उठून म्हणाली होती, "ओटमारला गाव नकोय हो, काचेचं कपाट हवंय. आणि त्यात आत तो एकटा." सगळी सभा हसली. खुंट तरीही मंजूर झाला. पण त्या दिवसापासून ओटमार तिला 'इर्मा' म्हणायचा बंद झाला. रस्त्यात भेटली की टोपीला हात लावून "नमस्कार, श्रीमती हाफ्नर" एवढंच. पहिलीपासून अरे-तुरे करणाऱ्या माणसानं अहो-जाहो सुरू करावं, हे तिला शिवीपेक्षा जास्त लागलं.

तर त्या शनिवारी पावणेअकराला ओल्डेनबुर्गहून ज्येष्ठ नागरिकांची एक बस कुरणात येऊन थांबली. एकतीस माणसं. तीस उतरली, एक बसून राहिली. गेझिन बेरेन्स, वय चौऱ्याऐंशी, दोन्ही खुबे बदललेले.

"तुम्ही जा," ती खिडकीतून म्हणाली. "मी इथूनच बघते तुमचा तट. साठ वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर सायकलवर आले होते, तेव्हा सगळा चालून झालाय."

"आणि आता एवढ्या लांब येऊन कुरणातल्या गाई बघणार?" इर्मट्राउट म्हणाली.

"गाईंना तरी बसायला जागा आहे."

इर्मट्राउट हसली. मग तिनं चालकाकडे पाहिलं. डेटलेफ त्याचं नाव. चाळिशीतला, उंच, कमी बोलणारा. छोटी गाडी मागवली तर ती यायला अर्धा तास लागणार होता.

"आजींना चौकात सोडाल का? मी खुंट खाली घेते. सोडा आणि तसेच मागे फिरा. पाच मिनिटं."

"बाई, पाटी आहे तिथं. बसना बंदी."

"पाटी मी पण वाचलीय. आगीच्या बंबाची शिडीवाली गाडी इथूनच जाते नेहमी सरावाला. मग तुमची का नाही जाणार?"

डेटलेफनं खांदे उडवले. गावातली बाई सांगतेय, गळ्यात किल्ली आहे, छातीवर नगरपालिकेचा बिल्ला आहे. तो आत जाऊन बसला.

तिनं किल्ली फिरवली. खुंट जमिनीत गेला. हात हलवून तिनं बसला ये म्हटलं आणि वेशीशेजारच्या जिन्यानं मंडळींना घेऊन तटावर चढली. आमच्या तटावरची वाट छपराखालून जाते, एका वेळी दोन माणसं चालतील एवढीच रुंद. ती वर पोचून "डोकी सांभाळा" म्हणाली, आणि तेवढ्यात पायाखालून करकर असा आवाज आला. लांबलचक. फळ्यासुद्धा थरथरल्या.

वेशीची कमान मधोमध उंच आहे, पण खांद्यांवर ती उतरते. शिडीची गाडी वर निमुळती असते, बस चौकोनी. बसचे वरचे दोन्ही कोपरे दगडांत घुसले होते. डेटलेफनं घाबरून आणखी वेग दिला आणि ती पाचरीसारखी बसली. पुढची अर्धी गावात, मागची अर्धी गावाबाहेर. वरच्या काचा फुटून आत सांडल्या.

मी दुकानातून धावत बाहेर आलो. पहिल्या सीटवर गेझिन बेरेन्स बसलेली, केसांत काचेचा चुरा, हातात पर्स घट्ट. वर तटाच्या झरोक्यातून इर्मट्राउटचा चेहरा दिसत होता. इतका पांढरा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता.

"कुणाला लागलंय का?" ती ओरडली.

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि भोंगा वाजला.

आमच्याकडे आगीच्या भोंग्याचा सराव महिन्याच्या पहिल्या शनिवारी असतो. हा तिसरा होता. मी वर बघितलं, तर इर्मट्राउट आता खाली बघतच नव्हती. ती पश्चिमेकडे बघत होती. तिथे तटाला पाठ लावून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीतून धूर निघत होता. काळा नाही, पिवळट, दाट, कौलांच्या फटीफटीतून झिरपणारा.

आमचं अग्निशमन दल म्हणजे गावातलीच माणसं. बेकरीवाला, शाळेचे मास्तर, गॅरेजवाला. तीन मिनिटांत ती बंबखान्यात पोचली, आणि बंबखाना तटाच्या बाहेर, खालच्या वेशीपासून दोनशे पावलांवर. पुढे शिडीची गाडी, मागे छोटा बंब. दोन्ही निळे दिवे लावून आले आणि बसच्या मागच्या अंगाला येऊन थांबले.

दलाचा प्रमुख कॉर्बिनियान. धंद्यानं धुराडी साफ करणारा, नात्यानं इर्मट्राउटच्या बहिणीचा मुलगा. उडी मारून तो खाली उतरला.

"हे काय आहे? अरे, हे काय आणून घातलंय इथं?" त्यानं बसच्या पाठीवर थाप मारली. "खुंट कुणी खाली घेतला?"

डेटलेफनं खिडकीतून मान बाहेर काढली. एकदा वर झरोक्याकडे पाहिलं. इर्मट्राउटनं त्याच्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. तिनं तोंड उघडलं होतं, असं ती सांगते. पण शब्द बाहेर यायच्या आत कॉर्बिनियान पुढचं बोलू लागला होता.

"ते नंतर! घे मागे गाडी!"

"येत नाही! टप अडकलाय!"

"मग फाटू दे टप!"

"आत आजी आहेत! काचा पडतायत त्यांच्यावर!"

कॉर्बिनियाननं छोट्या बंबाला वरच्या वेशीनं पाठवलं. म्हणजे तटाला अर्धा वळसा, शिवाय शनिवारच्या बाजारातून वाट काढत. शिडीची गाडी तर वरच्या वेशीतून जातच नाही, ती वेस बुटकी आहे. सहा जणांना त्यानं पाठीवर हवेच्या टाक्या देऊन बसच्या बाजूच्या फटीतून आत घुसवलं. मग वर बघून ओरडला, "मावशी! तुला दिसतंय का? कुणाचं घर?"

"ओटमारचं."

"घरात आहे तो?"

"शनिवारी सकाळी तो माळ्यावरच असतो. त्याला भोंगा ऐकू जायचा नाही, कॉर्बी. कानातलं यंत्र तो फक्त चर्चला जाताना लावतो."

कॉर्बिनियानच्या कमरेच्या वायरलेसमधून मास्तरांचा आवाज आला. ते धावत पुढे गेले होते. "जिना पेटलाय. खालपासून वरपर्यंत. आत शिरता येत नाही. शिडी पाहिजे. शिडी कुठाय?"

शिडी वेशीबाहेर उभी होती.

आता ओटमारच्या घराचं सांगतो. त्या ओळीतली सगळी घरं एके काळी पहारेकऱ्यांची. माळ्याच्या मागच्या भिंतीला एकेक बुटकं दार, ते थेट तटावरच्या वाटेवर उघडायचं. शंभर वर्षांपूर्वी ती सगळी फळ्या ठोकून बंद केली. इर्मट्राउट रोज त्या दारांपाशी थांबून सांगायची की पहारेकरी इथून अंथरुणातून उठून सरळ कामावर हजर, आणि पाहुणे दात काढायचे. त्या क्षणी तिला ते आठवलं. कुणाला काही न सांगता ती पळत सुटली.

एकसष्ट वर्षांची बाई, खाली खड्डे पडलेल्या फळ्या, डोक्याला लागतील अशा तुळया. मागून पावलं ऐकू आली म्हणून तिनं वळून पाहिलं. पाहुण्यांपैकी एक म्हातारा होता. टॅमो आयलर्स, जहाजांवर सुतारकाम करून निवृत्त झालेला.

"कुठे निघालात?"

"दार फोडायला."

"मग मला घ्या. जन्मभर दारं केलीत. फोडायला कमी वेळ लागतो."

दुसऱ्या बुरुजात गवंड्यांनी डागडुजीसाठी आणलेली पहार पडली होती. टॅमोनं ती उचलली. दाराशी पोचले तेव्हा फळ्यांच्या फटीतून धुराचे बारीक धागे निघत होते. इर्मट्राउटनं लाकडाला हात लावला. कोमट होतं.

"गरम नाही," टॅमो म्हणाला. "म्हणजे आग अजून या खोलीत नाही. बाजूला व्हा."

खिळे जुने होते, पण लाकूड ओकचं. पहिली फळी निघायला एक मिनिट लागलं. दुसरी लगेच निघाली. तिसरीच्या वेळी टॅमो धापा टाकायला लागला. इर्मट्राउटनं पहार त्याच्या हातातून घेतली आणि अंगाचा भार टाकला. फळी मोडली. आतून धूर असा बाहेर आला की दोघंही मागच्या भिंतीवर आपटली.

"ओटमार!" ती ओरडली. मग तिला आठवलं की त्याचा काही उपयोग नाही.

टॅमोनं पाण्याची बाटली तिच्या गळ्यातल्या रुमालावर रिकामी केली. स्वतःचा पट्टा काढून तिच्या घोट्याला बांधला आणि त्याला आपल्या चालायच्या काठीची वाकडी मूठ अडकवली, म्हणजे थोडी लांबी मिळेल. "मी साठ आकडे म्हणतो. साठला ओढतो. तो सापडलेला असो नाहीतर नसो."

"मोठे आहात तुम्ही माझ्याहून. हळू म्हणा आकडे."

ती पोटावर सरपटत आत गेली. जमिनीलगत हातभर हवा स्वच्छ होती. ओटमार खिडकीशी गुडघ्यांवर बसला होता. त्याच्याभोवती पत्र्याच्या लांब नळ्या, आणि एकेक कागद गुंडाळून तो त्यांत भरत होता. तीस वर्षं त्यानं तटाचा प्रत्येक दगड मोजून काढलेले नकाशे. खोकत होता, डोळे लाल, पण हात घाई न करता चाललेले. तिचा हात खांद्यावर पडला तसा दचकून वळला.

"श्रीमती हाफ्नर," तो म्हणाला. "तुम्ही आत कशा आलात?"

"ऊठ रे गाढवा!" तिनं त्याच्या कानात ओरडून सांगितलं. "घर जळतंय!"

"मला दिसतंय ते. हे आधी." त्यानं दोन नळ्या तिच्या छातीवर ढकलल्या.

"दोन्ही जमणार नाही, ओटमार. तू नाहीतर हे."

"हे," तो म्हणाला.

ती मला म्हणाली, त्यानं ते इतकं शांतपणे सांगितलं की एक क्षण तिचे हात खरंच नळ्यांकडे गेले. मग जिन्याकडचं दार फुटलं. आवाज मोठा नव्हता. फक्त वरच्या चौकटीपाशी नारिंगी रेघ उमटली आणि छताखालचा धूर उजळला. इर्मट्राउटनं नळ्या सोडल्या, ओटमारच्या शर्टाची कॉलर धरली आणि त्याला जमिनीवर पाडलं. त्यानं तिचा हात धरून पिरगळला. तिनं त्याच्या तोंडात मारली. अगदी शाळेतल्यासारखी, सणसणीत. तेवढ्यात टॅमोचे साठ झाले आणि तिचा पाय खेचला जायला लागला. ती कॉलर सोडेना, म्हणून ओटमारही मागोमाग आला.

बाहेर आल्यावर तो पुन्हा आत शिरायला निघाला. टॅमो सरळ त्याच्या छातीवर बसला. "मी पंचाण्णव किलोचा आहे," तो म्हणाला. "घाई नाही मला." ते ओटमारला ऐकू गेलं नाही, पण कळलं.

इकडे वेशीत काय चाललं होतं ते मी पाहिलं. डेटलेफ एकामागून एक बटणं दाबत होता, हवं ते काही सापडत नव्हतं. कॉर्बिनियान बाहेरून ओरडत होता, त्यामुळे तो आणखी गोंधळत होता. तेव्हा गेझिन बेरेन्स सीटवरून म्हणाली, "डेटलेफ, बाळा, काल हॉटेलपाशी मला उतरवताना तू ही गाडी खाली बसवलीस ना? पायरी उंच म्हणून? तशी सगळी बसव की."

डेटलेफनं तिच्याकडे पाहिलं. मग बसच्या पोटातून हवा सुटल्याचा फुसकारा आला आणि ती एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं वीतभर खाली बसली. मी आणि बेकरीवाल्याच्या बायकोनं चाकांमधली हवाही सोडली. तशीच खरडत, ठिणग्या उडवत बस मागे निघाली, आणि शिडीची गाडी आत आली. भोंग्यापासून तेवीस मिनिटं गेली होती.

त्या तेवीस मिनिटांत ओटमारचं घर गेलं आणि शेजारच्याचं छप्पर गेलं. ओळीतली बाकीची अकरा वाचली. माणूस कुणी दगावलं नाही. पण शिडी येईपर्यंत मास्तर जिन्याशी झटत राहिले आणि त्यांचे दोन्ही तळहात भाजले. आग पायऱ्यांखालच्या विजेच्या जुन्या वायरीमुळे लागली, असं तज्ज्ञ सांगून गेले.

सोमवारच्या वर्तमानपत्रात इर्मट्राउटचा फोटो होता. खाली दोन ओळी अशा की, बंदीची पाटी न जुमानता चालकानं बस घुसवली. खुंटाबद्दल एवढंच होतं की तो 'अज्ञात कारणानं' खाली होता.

कॉर्बिनियान मावशीच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. त्याला कळलं होतं. किल्ल्या चारच आहेत गावात.

"गप्प राहा, मावशी. तू माणूस वाचवलास. चालकानं पण काही सांगितलेलं नाही. तो उत्तरेकडचा, परत येणार नाही इथं."

"त्याला घरी बसवलंय, माहितीये तुला?"

"तू तिथं आग लावली नाहीस."

"शिडी मी अडवली, कॉर्बी. मास्तर जेवतात कसे हल्ली? बायको भरवते ना?"

कॉर्बिनियाननं कॉफी तशीच ठेवली आणि उठला. दारातून म्हणाला, "मी ऐकलं नाही काही."

तिनं डेटलेफला फोन लावला. माझं नाव का नाही सांगितलंत, म्हणून विचारलं.

"तुम्ही आगीत शिरलात," तो म्हणाला. "मी सीटवर बसून बटणं शोधत होतो."

मंगळवारी ती इस्पितळात ओटमारकडे गेली. नाकाला नळी लावून तो बसला होता. कानात यंत्र होतं, म्हणजे टाळायची सोय नव्हती. तिनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. खुंट मी खाली घेतला. बस मी आत बोलावली. तुझे नकाशे माझ्यामुळे गेले.

"मला माहीत आहे," ओटमार म्हणाला. "माळ्याच्या खिडकीतून वेस दिसते. मी पाहिलं तुला. तक्रार लिहायला पेन शोधत होतो, मग धुराचा वास आला."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"तू येतेस का ते बघत होतो."

तिनं पर्समधून कागद काढला. नगरपालिकेला लिहिलेलं पत्र होतं. ओटमारनं चष्मा मागितला, पेन्सिल मागितली, आणि सबंध पत्र वाचून दोन दुरुस्त्या केल्या. "'साधारण अकराच्या सुमाराला' असं लिहू नये. दहा बावन्न. आणि 'माझ्याकडून झाले' नव्हे. 'मी केले.'" मग कागद परत देऊन तो भिंतीकडे वळला. "आता जा. नकाशांचं मला बोलायचं नाही."

पत्र तिनं नगरसभेत स्वतः उभं राहून वाचलं. मी होतो तिथं. कुणी हसलं नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. किल्ली आणि बिल्ला तिनं टेबलावर ठेवला, नगराध्यक्षांनी उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. पंधरा दिवसांनी डेटलेफला कामावर परत घेतलं. मास्तरांचे हात बरे झाले, पण उजव्या हातानं त्यांना व्हायोलिनचा गज धरता येत नाही. इर्मट्राउट समोरून आली की ते रस्ता ओलांडतात. ती थांबवायला जात नाही.

एप्रिलमध्ये ओटमारनं तट पुन्हा मोजायला घेतला, पहिल्या बुरुजापासून. अडुसष्ट मीटरपर्यंत झालंय म्हणतो. फितीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो, आणि इर्मट्राउटला आता सकाळी काही काम नसतं. दोघं फारसं बोलत नाहीत. परवा दुकानाच्या दारातून ऐकलं तेव्हा तो तिला रागावत होता. फीत सैल धरली म्हणून.